मजकूर टॅबमध्ये बंद ठेवला तर गुगल रँकिंग पडतं का? अंबडच्या वर्कशॉपच्या साइटबद्दल विचारतोय

अंबड_लिंकरोड
नमस्कार मंडळी. आमचं नाशिकच्या अंबड एमआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे, सीएनसीचं (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनचं) जॉबवर्क आणि त्यासोबत स्वतःचे थोडे पार्ट, बुश, स्पेसर, हायड्रॉलिक फिटिंग, ॲडॉप्टर असं. मशीनचं सगळं बाबा आणि काका बघतात, ऑफिस आणि वेबसाइट माझ्याकडे. बऱ्यापैकी इन्क्वायरी आता गुगलवरूनच येते, लोक डायरेक्ट साइज आणि थ्रेड टाकून शोधतात, म्हणजे अर्धा इंच बीएसपी (आट्यांचा प्रकार), एसएस ३१६ (स्टेनलेस स्टीलचा प्रकार), मेल फीमेल वगैरे, आणि थेट त्या पार्टच्या पानावर उतरतात, होमपेज कोणी बघत पण नाही.

आता अडचण अशी की प्रत्येक पानावर खाली लांबच्या लांब टेबल आहे. साइज, थ्रेड बीएसपी का एनपीटी, मटेरियल, टॉलरन्स (मापात चालणारा फरक), प्लेटिंग, पॅकिंग, मग नेहमी विचारले जाणारे प्रश्न. कॉम्प्युटरवर ठीक दिसतं पण मोबाइलवर अंगठा दुखेपर्यंत सरकवावं लागतं. नवीन डिझायनर म्हणतो हे सगळं टॅबमध्ये टाकू, बोट लावलं की उघडेल. एसईओ, म्हणजे साइट गुगलवर वर आणायचं काम, बघणारा म्हणतो अजिबात नको, बंद मजकूर गुगल मोजतच नाही, आहे तो नंबर पण जाईल. आणि तोच माणूस वर सुचवतोय की पानाच्या तळाला पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरात सातपूर, अंबड, सिन्नर, गोंदे असे सगळे एरिया आणि पार्टची नावं टाकू, कोणाला दिसणार नाही, गुगलला दिसेल. मला हे दोन्ही एकत्र पटत नाहीये. लपलेलं गुगल मोजत नसेल तर पांढरं तरी कसं मोजेल? जाणकारांनी जरा सविस्तर सांगा.

गोदाकाठ
तुमचा शेवटचा प्रश्न एकदम बरोबर आहे आणि त्यातच अर्धं उत्तर आहे. मी बारा महिने हेच काम करतो म्हणून जरा लांब लिहितो.

"लपवलेला मजकूर" या एकाच नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी येतात. एक म्हणजे माणसाला कधीच दिसू नये पण सर्च इंजिनने वाचावं म्हणून टाकलेला मजकूर. पांढऱ्यावर पांढरा, फोटोच्या मागे ढकललेला, सीएसएसने (पानाचं दिसणं ठरवणाऱ्या कोडने) स्क्रीनच्या बाहेर फेकलेला, फॉन्ट साइज शून्य किंवा अपॅसिटी शून्य, म्हणजे पूर्ण पारदर्शक, केलेला, नाहीतर एखाद्या बारीक टिंबाला किंवा डॅशला लावलेली लिंक. गुगलच्या स्पॅम पॉलिसीत यातला प्रत्येक प्रकार नाव घेऊन लिहिलेला आहे. दुसरा प्रकार म्हणजे जागा वाचवायला बंद ठेवलेला मजकूर, जो पाहुणा एका टिचकीत उघडू शकतो. टॅब, अकॉर्डियन (एकाखाली एक मिटलेले भाग), स्लायडर, टूलटिप (माउस नेला की दिसणारी टीप). हे चालतं असं त्याच पॉलिसीत त्याच पानावर खाली लिहिलंय. तुमच्या एसईओवाल्याने दोन्ही उलटे धरलेत, जे चालतं त्याला नको म्हणतोय आणि जे चालत नाही ते टाका म्हणतोय.

तो म्हणतोय ते अगदीच हवेतलं नाही मात्र. २०१४ च्या सुमारास गुगलचे जॉन म्युलर स्वतः म्हणाले होते की पान उघडल्यावर जो मजकूर दिसत नाही त्याला कमी महत्त्व मिळू शकतं किंवा धरलाच जाणार नाही. तेव्हा गुगल साइटचं डेस्कटॉप रूप धरून इंडेक्स करायचं, म्हणजे आपल्या यादीत नोंदवायचं. मग नोव्हेंबर २०१६ मध्ये मोबाइल फर्स्ट इंडेक्सिंगची, म्हणजे साइटचं मोबाइलवरचं रूप धरून नोंदवण्याची, घोषणा झाली आणि गुगलच्याच गॅरी इल्यसनी स्पष्ट केलं की वापरायला सोपं जावं म्हणून बंद ठेवलेल्या मजकुराला पूर्ण वजन मिळेल. कारण उघड आहे, छोट्या स्क्रीनवर गोष्टी मिटवून ठेवल्याशिवाय पर्याय नसतो, विकिपीडियाचे मोबाइलवरचे लेख बघा, विभाग मिटलेले असतात. जुलै २०१९ पासून नवीन साइट सगळ्या मोबाइल फर्स्ट आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये गुगलने सांगितलं की जवळपास सगळ्या साइटचं काम झालं. तुमचा माणूस २०१४ च्या नियमाने चालतोय.

येवलेकर
गोदाकाठ यांनी छान सांगितलं. आमच्या दुकानात आम्ही गिऱ्हाइकाला असंच करतो, शंभर पैठण्या एकदम गादीवर पसरत नाही, कपाटात असतात, मागितली की घडी उलगडून दाखवायची. त्याला कोणी लपवलं म्हणत नाही. आमच्या साइटवर पण धुण्याची काळजी, जरीची माहिती, साडीची लांबी हे सगळं मिटवूनच ठेवलंय आणि लोक तेच शब्द शोधून येतात, सर्च कन्सोलमध्ये (साइटमालकांसाठीच्या गुगलच्या टूलमध्ये) दिसतं.

कांदाभजी_आणि_कोड
एक मिनिट, एवढं सोपं नाहीये. टॅब चालतो हे खरं पण टॅब बनवतात कसा यावर सगळं आहे. मला अशी कितीतरी पानं भेटतात जिथे टॅबमधला मजकूर पानात असतच नाही, तुम्ही बोट लावलं की मग जावास्क्रिप्ट सर्व्हरला विचारतं आणि आणून दाखवतं. गुगलबॉट, म्हणजे पानं वाचत फिरणारा गुगलचा प्रोग्रॅम, पान रेंडर करतो (ब्राउझरसारखं उघडून बघतो), २०१९ पासून तर नव्या क्रोमचंच इंजिन वापरतो, पण तो बटणं दाबत बसत नाही. सरकवत पण नाही. म्हणजे तुमचं टेबल जर क्लिक केल्यावरच येत असेल तर गुगलच्या लेखी त्या पानावर टेबल नाहीच. मग लोक म्हणणार बघा टॅब केला आणि रँकिंग गेलं. टॅबची काही चूक नसते, मजकूर पानातच नव्हता.

डिझायनरला एवढंच सांगा की सगळा मजकूर पहिल्या एचटीएमएलमध्येच (पानाच्या मूळ कोडमध्येच) आला पाहिजे, मिटवणं उघडणं फक्त सीएसएसने. त्यातून डिटेल्स आणि समरी हे टॅग वापरा, ते याच कामासाठी आहेत, जावास्क्रिप्ट लागतच नाही. क्रोममध्ये कोणी पानावर शब्द शोधला तर मिटलेला भाग आपोआप उघडतो हा वेगळा फायदा, तुमचे परचेसवाले पानावर पार्ट नंबर असाच शोधत असणार.

अंबड_लिंकरोड
वा, हे कळलं. पण क्लिकवर येतंय का आधीपासून पानात आहे हे मी कसं बघू? मला कोड येत नाही.

कांदाभजी_आणि_कोड
कोडची गरज नाही. सर्च कन्सोलमध्ये वरच्या पट्टीत त्या पानाचा पत्ता टाका, लाइव्ह टेस्ट करा, मग तपासलेलं पान बघा असं येतं तिथे गुगलला दिसलेलं एचटीएमएल असतं. त्यात टेबलमधला एखादा नेमका शब्द शोधा. सापडला तर आहे, नाही सापडला तर डिझायनरला फोन लावा. दुसरी सोपी पद्धत, टॅबमधलं एक पूर्ण वाक्य अवतरण चिन्हात घालून गुगलवर टाका, सोबत साइट कोलन (site:) आणि तुमचं डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता. पान आलं तर तो मजकूर इंडेक्स झालाय. पान नवीन असेल तर थोडे दिवस थांबून करा.

पाथर्डीफाटा
हे सगळं पुस्तकी आहे राव. प्रत्यक्षात काय चालतं ते बघा. आमच्या लाइनमधला एक जण, नाव घेत नाही, त्याच्या साइटवर कंट्रोल ए दाबलं की तळाला निळ्या पट्टीत शंभरेक गावांची नावं उमटतात. तरी तो कायम पहिल्या पानावर. आम्ही नियम पाळून तिसऱ्या पानावर. मग टाकायचं का नाही टाकायचं सांगा.

गोदाकाठ
तुमची चिडचिड समजते, पण तो वर आहे तो त्या गावांमुळे आहे हे कशावरून ठरवलं? त्याचं डोमेन जुनं असेल, त्याला मोठ्या कंपन्यांच्या व्हेंडर यादीतून लिंक असतील, मॅपवर रिव्ह्यू जास्त असतील. बऱ्याच वेळा गुगल असा मजकूर सरळ दुर्लक्षित करतं, शिक्षा पण करत नाही आणि फायदा पण देत नाही. म्हणजे तो शंभर गावं फुकट बाळगतोय, आणि ज्या दिवशी माणसाकडून तपासणी होऊन मॅन्युअल ॲक्शन, म्हणजे गुगलची शिक्षा, आली त्या दिवशी पानं नाहीतर अख्खी साइट खाली. सर्च कन्सोलमध्ये त्यासाठी वेगळा प्रकारच आहे, लपवलेला मजकूर आणि कीवर्डची कोंबाकोंबी. मग सगळं साफ करायचं, काय साफ केलं ते लिहून फेरविचाराचा अर्ज करायचा आणि उत्तराची वाट बघायची, त्यात काही दिवस ते काही आठवडे जाऊ शकतात. छोट्या वर्कशॉपला तेवढे आठवडे इन्क्वायरी बंद परवडते का याचा विचार करा.

आणि मोठ्यांना सोडतात असंही नाही. फेब्रुवारी २००६ मध्ये बीएमडब्ल्यूची जर्मन साइट गुगलने काढून टाकली होती. तिथे जुन्या गाड्या हा शब्द परत परत भरलेली पानं होती, सर्च इंजिनला ती दिसायची आणि माणूस गेला की जावास्क्रिप्टने त्याला झकास फोटोंच्या दुसऱ्याच पानावर नेलं जायचं. पानं काढल्यावर काही दिवसांत साइट परत आली. बीएमडब्ल्यूला लोक नाव टाकून शोधतात, तुम्हाला मला कोण शोधणार आहे?

पांढऱ्यावर पांढरं ही युक्ती अल्टाव्हिस्टाच्या जमान्यातली आहे, गेल्या शतकातली. तेव्हा सर्च इंजिन शब्द मोजायची. आज विकणारे लोक नवीन म्हणून विकतात याचाच मला राग येतो, कारण पैसे घेणारा निघून जातो आणि साइट तुमची असते.

शब्दवेधी
मी या धाग्यावर वेगळ्या कारणाने लिहितोय. मला दिसत नाही, मी एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम, वापरतो. तुम्ही जो पांढऱ्यावर पांढरा मजकूर म्हणताय ना, तो "कोणालाच" दिसत नाही असं नाही, मला तो पूर्ण वाचून दाखवला जातो. स्क्रीन रीडरला रंग नसतो. तसाच स्क्रीनच्या बाहेर ढकललेला आणि अपॅसिटी शून्य केलेला पण वाचला जातो. एखाद्या दुकानाचा फोन नंबर शोधायला मी पानाच्या तळाला जातो आणि मला सातपूर अंबड सिडको इंदिरानगर पंचवटी नाशिकरोड देवळाली परत सातपूर परत अंबड असं ऐकत बसावं लागतं, नंबर कुठे संपला कुठे सुरू झाला कळत नाही. असं खूप साइटवर होतं. रँकिंगचं तुमचं तुम्ही बघा पण हा मजकूर एका खऱ्या माणसाच्या कानात जातो एवढं लक्षात ठेवा.

आणि उलट पण सांगतो. फक्त आमच्यासाठी लपवून ठेवलेला मजकूर चांगल्या साइटवर असतो, जसं की "मुख्य मजकुराकडे जा" ही लिंक किंवा नुसतं चिन्ह असलेल्या बटणाचं नाव. तो डोळ्यांना दिसत नाही पण मला खूप उपयोगी पडतो, आणि गुगल त्याला हरकत घेत नाही, पॉलिसीत तसं स्पष्ट लिहिलंय. त्यामुळे घाबरून ते काढून टाकू नका. टॅब केलेत तर ते खऱ्या बटणाने करा, नुसत्या रंगवलेल्या चौकटीने नको, नाहीतर कीबोर्डवरून उघडतच नाहीत.

अंबड_लिंकरोड
शब्दवेधी, मनापासून आभार. हा मुद्दा आमच्या दोघांपैकी एकाही तज्ज्ञाने काढला नव्हता. पांढऱ्या अक्षरांचा विषय माझ्याकडून आत्ताच बंद.

त्र्यंबकरोड_होमस्टे
मला पण विचारायचंय, विषय जवळचाच आहे. त्र्यंबक रोडला आमचा होमस्टे आहे, चार खोल्या. २०२७ च्या सिंहस्थासाठी आत्तापासून चौकशी सुरू झालीय म्हणून साइट करून घेतली. करणाऱ्याने काय केलंय की मराठी पानाखाली रोमन लिपीत मराठी वाक्यं लपवून टाकलीत, म्हणजे लोक मोबाइलवर इंग्रजी कीबोर्डनेच "नाशिक मध्ये स्वस्त रूम", "रामकुंडाजवळ राहायची सोय" असं टाइप करतात ना, ती वाक्यं. त्याचं म्हणणं दिसायला घाण दिसतं म्हणून लपवलं, फसवायचा हेतू नाही. हे पण स्पॅमच का?

गोदाकाठ
ताई, हेतू बरा असला तरी गुगलला हेतू कळत नाही, त्याला एवढंच कळतं की पाहुण्याला न दिसणारी वाक्यं आहेत आणि ती शोधशब्दांसारखी आहेत. म्हणून काढा. पण अडचण खरी आहे, मराठी साइट चालवणाऱ्या प्रत्येकाची आहे, आपण मराठी वाचतो आणि रोमनमध्ये टाइप करतो.

उघड उपाय आहे. इंग्रजी पान वेगळं करा, खरंखुरं, उत्तर भारतातून दक्षिणेतून येणाऱ्या यात्रेकरूला ते लागणारच आहे, हिंदी पण करा जमलं तर. दोन्ही पानं एकमेकांना एचआरईएफलँगने जोडा म्हणजे कोणतं पान कोणत्या भाषेचं हे गुगलला कळेल. पानाचा पत्ता रोमन अक्षरात ठेवा, होमस्टेचं नाव दोन्ही लिपीत वर दिसेल असं लिहा, तुमच्या मॅपच्या प्रोफाइलवर पण. रामकुंड किती लांब, त्र्यंबकेश्वरला जायला बस कुठून, पहाटे निघायची सोय आहे का, गाडी लावायला जागा किती, हे प्रश्न लोक खरंच विचारतात, त्यांची उत्तरं सरळ पानावर टाका. मिटवून ठेवलीत तरी हरकत नाही.

नाशिकरोडची
कीवर्ड मेटा टॅगमध्ये, म्हणजे पानाच्या कोडमधल्या शोधशब्दांच्या ओळीत, टाकले तर? तो पण दिसत नाही आणि तो तर त्याच कामाचा आहे ना.

कांदाभजी_आणि_कोड
गुगल वेब सर्चच्या रँकिंगसाठी तो टॅग वापरतच नाही, २००९ मध्ये त्यांनी जाहीर सांगितलंय. लोकांनी त्यात एवढा कचरा भरला होता की विश्वास राहिला नाही. टाकला तर नुकसान नाही पण वेळ वाया. तोच वेळ पानाच्या टायटलवर घालवा.

द्राक्षबाग_पिंपळगाव
माझा अनुभव सांगतो, आमच्या बेदाण्याच्या साइटवर लपलेल्या लिंक निघाल्या आणि त्या आम्ही पण नाही टाकल्या आणि साइट बनवणाऱ्याने पण नाही. जुनं प्लगइन (साइटला जोडलेला छोटा प्रोग्रॅम) अपडेट नव्हतं, त्यातून कोणीतरी घुसून औषधांच्या आणि जुगाराच्या साइटच्या लिंक डिस्प्ले नन करून (कोडने अदृश्य करून) ठेवल्या होत्या. डोळ्यांना काहीच फरक नाही, दुकान नेहमीसारखं, गुगलवर मात्र आमच्या नावाखाली भलतंच यायला लागलं. म्हणून सगळ्यांना विनंती आहे, स्वतःचं डोमेन साइट कोलन करून अधूनमधून गुगलवर बघत जा. तुम्ही लपवलं नाही म्हणजे लपलेलं काही नाही असं नसतं.

गोदाकाठ
फार महत्त्वाचं बोललात. सर्च कन्सोलमध्ये सुरक्षेच्या अडचणींचा वेगळा विभाग असतो तो पण बघत जा, आणि साइटचं लॉगिन सोडून गेलेल्या माणसाकडे राहिलं असेल तर आधी ते काढून घ्या.

पाथर्डीफाटा
ठीक आहे, गावांची नावं मी पण टाकत नाही. पण टॅबबद्दल मला अजून शंका आहे. मी वाचलंय की ब्रिटनमधल्या एका किराणा साखळीच्या साइटवर टॅबमधला मजकूर बाहेर काढला तर गुगलवरून येणारे लोक वाढले होते, नीट टेस्ट करून बघितलेलं. पूर्ण वजन मिळतं तर असं का झालं?

गोदाकाठ
तुम्ही म्हणताय ती टेस्ट मला माहितीये आणि मी ती नाकारत नाही. पूर्ण वजन मिळतं हे गुगलचं म्हणणं आहे, प्रत्येक साइटवर तसंच दिसेल याची हमी कोणी घेऊ शकत नाही. माझं मत विचाराल तर ज्या गोष्टीसाठी माणूस पानावर येतो ती कधीच मिटवून ठेवू नये, गुगल असो नसो. अंबडवाल्यांच्या बाबतीत ती गोष्ट म्हणजे साइज, थ्रेड आणि मटेरियल. परचेसवाला तीन सेकंदात बघतो की अर्धा इंच बीएसपी ३१६ मध्ये आहे का, नाही दिसलं की मागे जातो. तो टॅब उघडून शोधणार नाही. त्यामुळे पाच सहा ओळींचं छोटं टेबल वर उघडं, आणि टॉलरन्सचा पूर्ण तक्ता, प्लेटिंग, पॅकिंग, प्रश्नोत्तरं खाली मिटलेली. असं विभागलं की बंद मजकुराला किती वजन मिळतं हा प्रश्नच फारसा उरत नाही.

आणखी एक, हे डिझायनर लोक हमखास करतात. मोबाइलवर पान लहान दिसावं म्हणून टेबल मोबाइलवरून काढूनच टाकतात, कॉम्प्युटरवर ठेवतात. हे टॅबपेक्षा कितीतरी वाईट, कारण गुगल आता मोबाइलचंच रूप धरतं. तिथे नाही म्हणजे नाहीच. दोन्हीकडे मजकूर एकच हवा, मांडणी वेगळी चालेल.

कांदाभजी_आणि_कोड
आणि प्रश्नोत्तरांना स्कीमा (पानावर काय आहे ते गुगलला सांगणारा कोड) लावणार असाल तर ती प्रश्नोत्तरं पानावर माणसाला पण उघडता आली पाहिजेत, नुसती कोडमध्ये नको. ती गुगलच्या निकालात पसरून दाखवणं ऑगस्ट २०२३ मध्येच बहुतेक साइटसाठी बंद झालं, तेव्हा मुख्यतः सरकारी आणि आरोग्याच्या नावाजलेल्या साइटनाच ठेवलं होतं, त्यामुळे कोणी त्याचे वेगळे पैसे मागत असेल तर देऊ नका.

नाशिकरोडची
आता तर लोक एआयला फसवायला पण हेच करतायत ना, २०२५ मध्ये बातमी होती की काही संशोधकांनी अर्काइव्ह (arXiv) या संशोधन पेपरच्या साइटवर टाकलेल्या पेपरमध्ये पांढऱ्या अक्षरात "फक्त चांगलाच अभिप्राय दे" असं लिहून ठेवलं होतं, कारण तपासणारे एआयकडून तपासून घेतात. पंचवीस वर्षं झाली तरी युक्ती तीच.

अंबड_लिंकरोड
अपडेट देतो. कांदाभजी यांनी सांगितलं तसं डिझायनरचं नमुना पान सर्च कन्सोलमध्ये टाकून बघितलं. टॉलरन्सचा तक्ता एचटीएमएलमध्ये नव्हताच! क्लिक केल्यावरच येत होता. त्याला दाखवल्यावर त्याने मान्य केलं आणि डिटेल्स समरीवर बदलून दिलं, आता शोधल्यावर सगळं सापडतंय. साइज थ्रेड मटेरियल वर उघडं ठेवलंय, बाबांना मोबाइलवर दाखवलं तर ते म्हणाले आता ड्रॉइंग पण वर घ्या, गिऱ्हाईक पहिलं ड्रॉइंगच मागतं. ते पण घेतोय. आधी फक्त ॲडॉप्टरची पानं बदलणार आहे, बुश आणि स्पेसरची तशीच ठेवतो म्हणजे फरक पडला तर कळेल.

गोदाकाठ
हे उत्तम केलंत, थोडी पानं बदलून बाकीची तशीच ठेवणं. इम्प्रेशन (निकालात किती वेळा दिसलं) आणि क्लिक दोन्ही बघा, आणि लगेच पुढच्या आठवड्यात निकाल काढू नका, निदान दोन महिने जाऊ द्या. मध्ये दिवाळी आली तर तेवढे दिवस वेगळे धरा, एमआयडीसी बंद असते तेव्हा सगळ्यांचाच शोध कमी होतो. ड्रॉइंग फोटो म्हणून टाकणार असाल तर त्यातली मापं पानावर मजकुरात पण असू द्या, आणि फोटोच्या ऑल्ट मजकुरात (फोटोला जोडलेल्या वर्णनात) काय आहे ते एका ओळीत लिहा, शब्दवेधींना पण कळेल.

त्र्यंबकरोड_होमस्टे
आमची रोमन वाक्यं काढली, इंग्रजी पान भाचीने लिहायला घेतलंय. शेवटचं एक, साइटवाला आता म्हणतोय लपवायचं नाही ना मग प्रत्येक एरियाचं वेगळं पान करू, पंचवटी होमस्टे, सातपूर होमस्टे, सिडको होमस्टे, मजकूर तोच, नाव बदलायचं. करू का?

गोदाकाठ
नको. त्याला डोअरवे पानं म्हणतात, ती पण त्याच पॉलिसीत आहेत, बीएमडब्ल्यूचा प्रकार याच जातीचा होता. तुमचा होमस्टे एकाच जागी आहे तर पान एकाच जागेचं. वेगळं पान करायचंच असेल तर सिंहस्थाचं करा, त्यात तुमच्याकडून रामकुंडाला आणि त्र्यंबकला कसं जायचं, पर्वणीच्या दिवशी रस्ते बंद झाले तर तुम्ही पाहुण्यांना काय मदत करणार, किती लोकांची सोय आहे आणि भाडं किती, हे लिहा. रस्त्यांची आणि पार्किंगची जाहीर माहिती प्रशासनाकडून येईल तशी त्या पानावर बदलत रहा.

त्र्यंबकरोड_होमस्टे
चालेल, आज त्याला तसंच सांगते. भाडं मिटवून ठेवू नको हे पण सांगते, तो म्हणत होता फोन केल्यावरच सांगू.